मालखान्यातल्या आठ बॅटऱ्या

यूपीएसची ती टीं-टीं कुठे ऐकू आली की स्मृति नगरमधली एक दुपार अजूनही माझ्यापुढे येऊन उभी राहते. मी तेव्हा छत्तीसगडात, भिलाईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कोणाचं नाव सांगणार नाही. माझी चूक मात्र लपवणार नाही.

एका खासगी तपासणी केंद्राच्या मालकाने फिर्याद दिली. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू राहावेत म्हणून त्यांनी यूपीएसमध्ये आठ नव्या बॅटऱ्या बसवून घेतल्या होत्या. एक दिवस लाइट गेली आणि सगळं जागच्या जागी बंद पडलं. उघडून पाहिलं तर नव्यांच्या जागी कोणीतरी निकामी बॅटऱ्या लावून ठेवल्या होत्या. बिल होतं, पण बिलावर बॅटऱ्यांचे नंबर नव्हते.

दोन दिवसांत खबर आली. खबरी भंगारवाला होता. त्या यूपीएसची देखभाल करणारा म्हातारा स्मृति नगरात राहतो आणि त्याच्या मागच्या खोलीत त्याच कंपनीच्या आठ बॅटऱ्या मांडलेल्या आहेत, असं तो म्हणाला. आठ म्हणजे बरोबर आठच. आम्हाला आणखी काय हवं होतं?

म्हातारे पोलाद कारखान्याच्या बॅटरी रूममधून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ते सरळ मराठीतच बोलले. बॅटऱ्या पुसून इतक्या लख्ख ठेवल्या होत्या की मला त्या नव्याच वाटल्या. शेजारच्या खोलीत त्यांची बायको पलंगावर होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनची मशीन घरघरत होती. बॅटऱ्यांची वायर त्या मशीनपर्यंत गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

"साहेब, मले ठाण्यात न्या, पन ह्या इथंच राहू द्या," ते म्हणाले. "लाइन गेली तं इची मशीन बंद पडते. इले श्वास नाही भेटत."

"आता लाइट आहे ना?" मी म्हणालो.

माझे वडीलही कारखान्यातले. मी टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि तिथे लाइट जायचीच नाही म्हणा ना. लाइट जाणं ही माझ्या लेखी फार तर पंखा थांबण्याची गोष्ट होती. पंचनामा केला, प्रत्येक बॅटरीला कापड गुंडाळून लाखेचं सील लावलं आणि आठही ठाण्याच्या मालखान्यात, जप्त मालाच्या खोलीत टाकल्या. बॅटऱ्यांजवळ ठेवलेली त्यांची एक जाड वहीही जप्त केली.

चौकशीला त्यांना रोज ठाण्यात बोलवत होतो. त्यांचं एकच उत्तर होतं. "ऑफिसवाले फेकून देतात त्या बॅटऱ्या मी आनतो. दहातली एखादी जिवंत होते. दोन वर्षांत आठ जमवल्या." चोर असंच बोलतात, अशी माझी पक्की समजूत होती. स्वतःविषयी ते फार बोलले नाहीत. पण उठताना दर वेळी म्हणायचे, "साहेब, बंद करून ठेवल्या तं मरतात ह्या. महिन्यातून एकदा चार्ज द्या लागते."

"मुद्देमालाला चारापाणी कोण घालतं हो काका?" आमचा हवालदार म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. सील तोडणं नियमात नव्हतं.

चौथ्या दिवशी ती वही उघडली. चार दिवस ती माझ्याच टेबलावर पडून होती, हे आज लिहितानाही लाज वाटते. कारखान्यात प्रत्येक बॅटरीचा नंबर टाकून तिची तब्येत लिहून ठेवायची रीत, ती त्यांनी घरीही सोडली नव्हती. त्यांच्या आठही बॅटऱ्यांच्या नोंदी केंद्राने नव्या घेण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या होत्या. शिवाय नव्या आठ बसवताना त्यांचेही नंबर त्यांनी उतरवले होते. त्या नंबरांवरून आम्ही दुर्गच्या मोहन नगरमधल्या एका दुकानात पोचलो. माल तिथेच सापडला. तो केंद्राच्या मॅनेजरने विकला होता. समोर वही ठेवल्यावर त्याने पाच मिनिटांत कबूल केलं.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. म्हाताऱ्यांना त्याच संध्याकाळी मी जीपने घरी सोडलं. बॅटऱ्या मात्र कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नव्हत्या. अहवाल पाठवला आणि दुसऱ्या कामाला लागलो. स्वतः जाऊन हुकूम लवकर आणता आला असता. मी गेलो नाही.

तीन आठवड्यांनी भर दुपारी वादळ आलं, झाडं तारांवर पडली. त्यांच्या घरी ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, तो संपला. बायकोजवळ शेजारणीला बसवून ते स्कूटरवर दुसरा आणायला गेले. परत आले तेव्हा सिलिंडरचं काम उरलं नव्हतं.

हुकूम त्यानंतर आला. माल परत मिळाल्याच्या सुपूर्दनाम्यावर सही करायला ते ठाण्यात आले. सील तोडलं. त्यांनी खिशातून मीटर काढून एकेक बॅटरी तपासली. आठही मेल्या होत्या.

"काका, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमी कायद्यानं केलं साहेब. पन मी सांगतलं होतं."

मग त्यांनी बॅटऱ्यांबरोबर परत मिळालेली वही उघडली, आठही नंबरांपुढे तारीख आणि 'बाद' असं लिहिलं, आणि वही माझ्याकडे सरकवली. "बॅटरी बाद झाली का तिथल्या इन्चार्जची सही लागते. आमच्याकडं तसंच होतं."

शेवटी त्या माझ्याच ताब्यात होत्या. मी आठ वेळा सही केली.

पुढे जप्तीला गेलो की मी आधी घरच्यांना विचारायचो, ही वस्तू नेली तर तुमचं काय अडेल? कधी वस्तू तिथेच ठेवून नुसती नोंद केली, त्यापायी वरून बोलणीही खाल्ली. मोठा तपास म्हणून त्या केसचं कौतुक झालं, पण मला ती एवढंच शिकवून गेली. आणि त्या दुपारी तर हा प्रश्न विचारण्याचीही गरज नव्हती. उत्तर त्यांनी आपणहून दिलं होतं, माझ्याच भाषेत.