सोयाबीनमधली वाघाटी

सुजाताला मदत करायला वाशीमला जातोय, असं मी सगळ्यांना सांगून निघालो. तिनं बोलावलं होतं हे खरं. गावाजवळच्या टेकड्यांमध्ये ट्रॅप कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो घेणारे) लावायचे होते, आणि त्यातलं मला कळतं. पण तेवढ्यासाठी मी सबंध महाराष्ट्र आडवा ओलांडला नसता. तिच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही, ते मला बघायचं होतं.

मी अकरा वर्षं आंबोलीच्या वरच्या डोंगरात काम करतो. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, मोजे चार-चार दिवस वाळत नाहीत, जळवा कानामागे सापडतात. कॅमेऱ्यातले सेल बदलायला दोन तास चढायचं आणि उघडून बघितलं तर आत फक्त हलणाऱ्या फांद्यांचे शेकडो फोटो. या अकरा वर्षांत वाघाटीचे मला दोन फोटो मिळाले. दोन्हींत शेपूट. वाघाटी म्हणजे रानमांजरांतली सगळ्यात लहान, घरातल्या मांजरीच्या निम्मी. माझा अभ्यास तिच्यावर आहे, हे मी लोकांना फारसं सांगत नाही.

सुजाता माझ्याच वर्गातली. शिकून झाल्यावर आम्ही सगळे मोठ्या जंगलांकडे पळालो आणि ती आपल्या गावी परत गेली. तेव्हा आम्हाला तिची कीव आली होती. मग तिचे फोटो यायला लागले. कोल्हीण पिल्लांसकट. तडस, भर उजेडात. प्रत्येक फोटोला मी अंगठा पाठवायचो आणि फोन पालथा ठेवायचो.

अकोल्याहून मंगरूळपीरच्या एसटीनं शेलूबाजारला उतरलो. दसरा नुकताच झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडून वाळलेलं, मधूनमधून तुरीच्या हिरव्या ओळी, आणि पलीकडे बुटक्या, विरळ झाडांच्या टेकड्या. खरं सांगतो, त्या टेकड्या बघून बरं वाटलं. याला काय डोंगर म्हणायचं! चहा घेऊन जीपमध्ये बसायला गेलो, तर चालकानं विचारलं, "कोनाकडं जाऊन राह्यले?"

"सुजाताताईंकडे."

"जनावरायच्या ताई? मंग मांगं कायले बसता? पुढं या." आणि वाटभर तो मला सांगत राहिला, की परवा त्यानं रस्त्यावर साळिंदर पाहिलं आणि लगेच ताईला फोन केला. अकरा वर्षांत मला असा फोन एकदाही आलेला नाही.

घरी सुजाताच्या आईनं जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची आंबट भाजी, वर कच्चं तेल आणि ठेचा. मी तीन भाकरी खाल्ल्या. त्या समोर बसून म्हणाल्या, "सुजाता सांगते, तुमी लय मोठ्या डोंगरात राह्यता. मंग तुमाले तं रोजच जनावरं दिसत असतीन?"

"दिसतात ना," मी म्हणालो. सुजातानं माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवर तिसरा कॅमेरा बांधत होतो, तेव्हा तिचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "या वो ताई लवकर! गजाननभाऊच्या वावरात बिबट्याचे पिल्ले निंगाले. बाया भेल्या साऱ्या."

आम्ही उतरलो ते जवळजवळ पळतच. वावरात (शेतात) सोंगणी, म्हणजे सोयाबीनची कापणी चालली होती. दहा-बारा बायका विळे घेऊन धुऱ्यावर (बांधावर) उभ्या. फोन करणाऱ्या वंदनाबाई त्या टोळीच्या मुकादम. त्यांनी आपला दुपट्टा तुरीच्या ओळीच्या सावलीत पसरून तीन पिल्लं उचलून त्यावर ठेवली होती, आणि ती एकमेकांना चिकटून पडली होती. मुठीएवढी. पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके. डोळे नुकते उघडलेले, निळसर.

"बिबट्या नाही," सुजाता म्हणाली. "वाघाटी हाये. याची माय कोंबडीएवढी बी नसन. भ्यायचं काम नाही."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. ज्या जनावरासाठी मी निम्मी जवानी चिखलात घातली, ते इथे एका बाईला विळा चालवताना सापडलं होतं, आणि तिनं फोन सुजाताला केला होता.

सुजातानं वनरक्षकांना फोन लावला. ते दूर होते. पिल्लं हलवू नका, आई न्यायला येते, संध्याकाळपर्यंत वाट बघा, असं त्यांनी सांगितलं; सुजाताचंही तेच म्हणणं होतं. म्हणजे भोवतालचा पट्टा न कापता ठेवायचा आणि सगळ्यांनी लांब राहायचं. पण शेताचे मालक गजाननभाऊ आभाळाकडे बघत होते. पश्चिमेला ढग होते. कापायला आलेलं सोयाबीन भिजलं की शेंगा फुटतात, दाणे काळे पडतात.

"ताई, तुमचं खरं हाये," ते म्हणाले. "पन माय आलीच नाही तं? माहं वावर बी गेलं अन् पिल्ले बी गेले." मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी तं मोठ्या डोंगरातले. तुमी सांगा. येईन का ते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "खात्री देता येत नाही." हे खरं होतं. तिथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, "माणसाचा हात लागला की वासामुळे आई बहुतेक परत घेत नाही."

हे खोटं होतं, आणि ते मला बोलतानाच माहीत होतं.

"मंग उचला," गजाननभाऊ म्हणाले. "अकोल्याले नेऊन द्या कोनाकडं."

सुजाता माझ्याकडे नुसती बघत राहिली. बोलल्या त्या वंदनाबाई. "साहेब, असं कसं? मांगच्या साली म्या सशाचे पिल्ले हातानं उचलून धुऱ्यावर ठेवले. त्याची माय आली. म्या सोता पाह्यली." मग गजाननभाऊंना, "भाऊ, आमी आज तिकडून सोंगतो. हा पट्टा उद्या दिवस निंगायच्या आंधी येऊन कापून देतो. मंग तं झालं?"

गजाननभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि मान हलवली.

दिवस कलला तेव्हा बायका घरी गेल्या. आम्ही दोघं शंभर पावलांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या आड बसलो. दुर्बीण एकच होती, सुजाताची. तिनं ती माझ्या हातात दिली. "तू बघ. तुला अशी कधी दिसली नाही ना?"

तिला ते माहीत होतं. काल तिच्या आईसमोर मी मारलेली थापही तिला कळली होती. त्या क्षणी तिनं दुर्बीण दिली नसती, तर मला जास्त बरं वाटलं असतं.

सूर्य टेकडीमागे गेला आणि तुरीच्या ओळीत काहीतरी हललं. आधी कपाळावरचे दोन पांढरे पट्टे, मग सगळी ती. थांबली, वास घेतला, दुपट्ट्यावर पाय ठेवला आणि एका पिल्लाची मानगूट धरून निघाली.

"काय झालं? सांग ना," सुजाता कुजबुजली.

"एक नेलं." थोड्या वेळानं, "दुसरं." मग बराच वेळ काही नाही. उजेड संपत आला होता. तिसरं पिल्लू ओरडत होतं, इतकं बारीक की वाऱ्यात मिसळून जावं. मी दुर्बीण सुजाताकडे द्यायला हवी होती. दिली नाही. शेवटी वाघाटी आली, तिनं तिसरंही उचललं आणि नाल्याकडे उतरून गेली.

"नेलं," मी म्हणालो. आणि त्याच दमात, "वासाचं मी खोटं बोललो."

"माहीत आहे. आपण एकाच वर्गात होतो, मंदार."

"तुझ्याकडे हे सगळं आहे म्हणून बोललो."

तिनं दुर्बीण माझ्या हातातून काढून घेतली. "मग मला शिव्या द्यायच्या. त्या पिल्लांनी तुझं काय केलं होतं?" आणि ती घराच्या वाटेला लागली.

पहाटे मी वंदनाबाईंच्या टोळीबरोबर त्या पट्ट्यावर गेलो. वाळक्या शेंगांची टोकं सुयांसारखी बोचत होती. अर्ध्या तासात बोटं रक्ताळली. "साहेब, तुमच्यानं नाही होत. सरका," म्हणत वंदनाबाईंनी माझी ओळही कापून काढली. पाऊस आला नाही. दोन दिवसांनी, सगळे कॅमेरे लावून, मी निघालो.

परतीच्या गाडीत मी वाघाटीची नोंद लिहायला घेतली. आमच्या कामात प्रत्येक नोंदीला निरीक्षकाचं नाव लागतं. माझा हात शिवशिवत होता. डोळ्यांनी पाहिली होती ती मीच. पण मी वंदनाबाईंचं नाव लिहिलं, खाली सुजाताचं, आणि नोंद सुजाताला पाठवून दिली. आपण बरेच मोठ्या मनाचे आहोत असं वाटत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

तासाभरानं तिचं उत्तर आलं. "वाघाटीला पिल्लं नेताना फक्त तू पाहिलंस. तुझं नाव राहिलंय. मी घातलं."

मी ते दोनदा वाचलं. या प्रवासानं माझ्यातला मत्सर धुऊन निघाला असं लिहायला मला आवडलं असतं. पण गाडीत बसल्या बसल्या पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की यातही ती माझ्या पुढे गेली.