वजन नव्हे, खाच!

काल परभणीत नातीच्या गाडीवर मागे बसले. "आजी, मागचं चाक घासतंय गं," ती सहज म्हणाली... आणि माझा पस्तीस वर्षांपूर्वीचा राग पुन्हा उसळला.

मी तेव्हा राणीसावरगावच्या शाळेत शिक्षिका, राहायला गंगाखेडला. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज बंद, उद्या रास्ता रोको, एसटीचा भरवसा नाही. म्हणून हे मला रोज मोटारसायकलवर सोडायचे आणि एकटे परत येऊन ऑफिस गाठायचे.

अंगाने मी पहिल्यापासून भरलेली. खड्डा आला की मागचं मडगार्ड टायरला घासायचं. शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ह्यांना म्हणाला, "साहेब, गाडीत काई खराबी न्हाई. बाईंचं वजन झेपंना तिला."

तिथले चार लोक हसले. हेही हसले! वर घरी येऊन म्हणतात, "किती दिवस असं चालणार? राजीनामा देऊन टाक."

मी महिनाभर रात्रीचं जेवण सोडलं. शाळेत फळ्यासमोर घेरी यायची... गाडी घासतच राहिली.

एका रविवारी सीटखालचं माहितीपुस्तक काढून वाचलं. मागच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरना फिरवायची कडी असते, तिला खाचा असतात. एकटा माणूस असेल तर पहिली, नरम खाच; मागे कुणी बसणार असेल तर शेवटची, कडक. वाकून पाहिलं... दोन्ही पहिल्या खाचेवर!

तडक गाडी ढकलत मेकॅनिककडे गेले. "हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "साहेबांनीच नरम ठिवायला सांगितलं व्हतं, बाई. परत येताना त्यायला गचके बसायलेत म्हणले."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. ह्यांच्या पाठीला गचके नकोत म्हणून मी उपाशी राहायचं आणि नोकरीही सोडायची!

समोर उभी राहून दोन्ही कड्या शेवटच्या खाचेवर घ्यायला लावल्या. पुढच्या पगारात जाड तारेच्या स्प्रिंगाही बसवून घेतल्या. गाडी पुन्हा कधी घासली नाही.

स्प्रिंगा बसवल्या त्या संध्याकाळी हे कंबर धरून बसले. "पाठ गेली गं..."

म्हटलं, "राजीनामा देऊन टाका."

मी त्याच शाळेतून मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. हा विषय निघाला की हे आजही पेपरात तोंड घालतात.

काल नातीला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. ती बिचारी ओशाळून म्हणाली, "आजी, तुझ्या वजनाचं नव्हते म्हणत गं."

म्हटलं, वजनाचं कुणीही बोलू दे... तू आधी खाच बघ.