अर्ध्यावरची दाढ

तोंडात घालायचा आरसा ती आधी स्वतःच्या मुठीत धरून कोमट करायची. सुईला सुई म्हणायची नाही. "गालाला जरा झोपवू या," म्हणायची. खुर्चीत बसलेल्या पोराला घरच्या म्हशीचं नाव विचारायची आणि मग सगळं काम त्या म्हशीशी बोलत करायची. काम झालं की नव्या हातमोज्यात हवा भरून तुरेवाला कोंबडा करून द्यायची. पोरांशी लोण्यासारखी वागणारी डॉक्टर संयोगिता त्यांच्या आईबापांना मात्र फाडून खायची.

वारणानगरच्या रस्त्याला तिचा दवाखाना. गाव तिचंच. बोर्डावर नावाखाली तिने हट्टाने एक ओळ लिहून घेतली होती : 'लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर उपचार'. लिहिताना पेंटर हसला होता. पडणाऱ्या दाताला कसला आलाय उपचार?

गावाचंही तेच म्हणणं. दुधाचा दात म्हणजे पाहुणा. दुखलाच तर किडीत तंबाखूची भाजकी मिसरी दाबायची. पाहुणा आपल्या पायाने जातो. शेजारच्या गल्लीतल्या बनाबाईने नातवाच्या दाढेत बरेच दिवस मिसरीच दाबली. राजवीर सहा वर्षांचा. ठणक्याने लोळायला लागला तेव्हा ती त्याला घेऊन आली.

संयोगिताने दाढ उघडली. आतली नस सडली होती. ती काढली, मुळं धुतली, औषध ठेवलं आणि वर कच्चं सिमेंट लावलं. मग दाढेवर घालायच्या पोलादी टोप्या एकेक बसवून पाहिल्या. बसली ती डबीत ठेवली आणि डबीवर राजवीरचं नाव चिकटवलं.

"आठ दिवसांनी आण, मावशी. हे अर्धंच काम झालंय. आत पक्कं भरायचंय, वर टोपी घालायचीय. ही दाढ त्याला अजून चार-पाच वर्षं लागणार आहे."

"आणतो की," बनाबाई म्हणाली.

ठणका त्याच दिवशी थांबला. तिथेच घात झाला. दुखत नाही म्हटल्यावर दवाखान्याची पायरी कोण चढतंय? संयोगिताने फोन केले. शेवटी घरी गेली. बनाबाई दारात शेंगा फोडत बसली होती.

"त्याला दुखत न्हाय, तुला का गं दुखतंय?" म्हणून ती हसली. "बस, च्या घे."

मग एका सकाळी दूध संस्थेच्या रांगेत राजवीरचा बाप विजयसिंह तिच्या पुढेच किटली घेऊन उभा. जिभेला आवर घालणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"दादा, म्हैस एक वेळ वैरण खाईना तर डॉक्टर गोठ्यात आणता. पोराची दाढ अर्ध्यावर पडलीय, त्याला दवाखाना लांब झाला व्हय?"

रांग हसली. मागून रांगेतले एक म्हातारे आण्णा म्हणाले, "म्हैस दूध देती की गं. पोरगं काय देतंय?"

रांग पुन्हा हसली. विजयसिंह हसला नाही. किटली ओतून पावती न घेताच निघून गेला. संयोगिताला वाटलं, बरं झालं, आता तरी येईल.

तो आला, पण सिमेंट निघून पडल्यावर. राजवीरचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. मागे बनाबाई. विजयसिंहने एका हाताने पोराला धरलं होतं आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर व्हिडिओ चालू होता.

"बघा पावणं, चांगली दाढ उकरली आणि पोराचं हे करून ठेवलंय."

"मोबाईल ठेवा, दादा. आधी पू काढू दे."

"हात लावायचा न्हाय."

आरसा तिने सवयीने मुठीत धरलाच होता. तिने बनाबाईकडे पाहिलं. मिसरी, आठ दिवस, दारातला चहा, सगळं बनाबाईला ठाऊक होतं. बनाबाई पदर तोंडाला लावून भिंतीवरच्या सशाच्या चित्राकडे बघत राहिली.

कोल्हापुरात सलाईन लागलं, सूज उतरली. दाढेचं काम पुरं करा नाहीतर ती काढा, असं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. ते काही मोबाईलमध्ये आलं नाही. आलं ते गावभर फिरलं. आया पोरांना घेऊन यायच्या थांबल्या. एक आली, ती दारातूनच म्हणाली, "उघडणार असशील तर नको, ताई. नुसती गोळी दे."

काही दिवसांनी भर दुपारी बनाबाई एकटीच आली. तिची कवळी टोचत होती. संयोगिताने ती घासली, धुतली, परत बसवून दिली. मग विचारलं, "मावशी, त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"ल्योक हाय माझा. त्याच्याम्होरं मिसरीचं सांगू व्हय?" बनाबाईने कवळीवरून जीभ फिरवली. "आता ग्वाड बसली बघ. तुझ्या हाताला गुण हाय."

"राजवीर?"

"दुखत न्हाय आता."

त्याच आठवड्यात पेंटर पुन्हा आला. नावाखालच्या ओळीवर पांढरा रंग चढला. या वेळी तो हसला नाही.

आता कुणी पोर घेऊन आलंच तर संयोगिता जागची उठत नाही. "मुलांचं बघत नाही. कोल्हापूरला न्या," एवढंच म्हणते. आईबापांना बोलणंही तिने सोडलंय. मोठ्यांच्या तोंडात आरसा गारच जातो.

डबी खणात आहे. राजवीर शाळेला जाताना याच रस्त्याने जातो, शेंगा दुसऱ्या बाजूने चावत. त्याची दाढ पोकळ, उघडी, तशीच अर्ध्यावर आहे. तिच्यात पक्कं भरायचं आणि वर टोपी घालायची राहिलीय.