बांधापलीकडची आपा

जुन्या शहरात राहत होतो तेव्हा शेजारच्या आपाकडं जायला मला चप्पलही घालावी लागत नव्हती. तिचं स्वयंपाकघर आणि आमचं अंगण यांच्यामधून एक बोळ जायचा. तिथला प्रत्येक बोळ दुसऱ्या बोळात निघायचा. मोठ्या रस्त्यावर न येता बाजार गाठता यायचा. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला ते बरं होतं.

पुढं दोन्ही घरांनी बायपासकडं गुंठेवारीत प्लॉट घेतले. बघायला गेलो तेव्हा सगळं शेतच होतं, ज्वारीची धसकटं पायाला टोचत होती. आमचा प्लॉट एका शेतकऱ्याच्या रानात, आपाचा त्याच्या शेजाऱ्याच्या. मध्ये नुसता बांध. त्यावर उभी राहून आपा म्हणाली, "देख गे, अब गल्ली का भी काम नै. पाय उचलला की तुझ्या चुलीपाशी."

आमचे मालक म्हणाले, "लई जवळ हाय. नकाशा कशाला बघायचा?"

बांध ओलांडून आम्ही दोघी गेलो, आलो, आणि तेवढंच अंतर धरून बसलो.

पण ज्यानं त्यानं आपल्या रानापुरतेच रस्ते पाडले. आमची गल्ली बांधाशी येऊन संपली, त्यांचीही. घरं झाली, बांधावर भिंत उठली. आता आपाकडं जायचं तर आधी बायपासला निघायचं, ट्रकांच्या कडेनं चालायचं, मग त्यांच्या कॉलनीत वळायचं. एकटीनं माझा पाय निघत नाही.

गच्चीवरून तिची कपड्यांची दोरी दिसते. सुरुवातीला ती तिकडून हाक मारायची, "अगे, जिंदा है क्या?" सगळी कॉलनी ऐकेल म्हणून मी नुसता हात हलवायची. मग तिचे गुडघे धरले आणि तिची गच्ची सुटली.

परवा सून म्हणाली, "चला आत्या, गाडीवर नेते."

आपानं मला सोफ्यावर बसवलं. तिच्या सुनेनं ट्रेमधून चहा-बिस्किटं आणली. "मेहमान आये हैं, पंखा लगाओ," आपा म्हणाली. चेष्टाच केली तिनं, पण मी खरंच पाहुणीसारखी पदर सावरून बसले. पूर्वी मी गेले की ती काही न बोलता तांदूळ निवडायला सूप माझ्यापुढं सरकवायची.

कप ठेवला आणि मी उठून आत गेले. ओट्यावर मेथीची जुडी होती, तिचा दोरा सोडला. बाहेर माझ्या सुनेनं हॉर्न वाजवला.

"वाजू दे," म्हणत आपा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि मेथी निवडायला लागली.