वल्ह्यावर बाबा, गळावर ऊर्मिला

होडी गोल गोल फिरत होती आणि काठावरचे लोक हसू दाबत होते. ऊर्मिलाचे बाबा, वय वर्षं एकाहत्तर, भंडाऱ्याच्या तलावांवर जन्मभर जाळं टाकलेले, पण इथली वल्ही त्यांना ऐकत नव्हती. गावाकडे डोंग्यात उभं राहून बांबूनं रेटा द्यायचा असतो. इथे पाठ पुढे करून बसायचं आणि दोन्ही हातांनी एकदमच ओढायचं. दहा मिनिटं त्यांनी झुंज दिली, मग होडी सरळ झाली आणि ते पुढे निघाले.

मासे पकडायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. जर्मनीत परीक्षा दिल्याशिवाय गळ हातात धरता येत नाही. ऊर्मिलानं सहा वर्षांपूर्वी ती परीक्षा द्यायची ठरवली, तेव्हा फोनवर बाबा कितीतरी वेळ हसत होते. मासे मारायला परीक्षा? त्यात काय विचारतात? माशांची जर्मन नावं, कल्ले, पाण्यातला प्राणवायू, कोणता मासा किती लांब असल्याशिवाय घरी न्यायचा नाही, हे सगळं तिनं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, अभ्यास करून दे.

ते तसं म्हणाले याचं तिला नवल वाटलं होतं. लहानपणी त्यांनी तिला तलावावर फिरकूही दिलं नव्हतं. भाऊ जाळं विणायला बसले की ती जवळ सरकायची, आणि बाबा तिला पुस्तक घेऊन घरात पाठवायचे. वह्यांना मासळीचा वास लागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. ती शिकली, पुण्यात इंजिनिअर झाली, नवऱ्याबरोबर, वासुदेवबरोबर, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला आली, गाड्यांच्या भागांचं डिझाइन करू लागली. मग एका रविवारी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं तिला आपल्या फेराइनच्या, म्हणजे मासेमारी संघाच्या, तलावावर नेलं. त्याच्या होडीमागे ओढल्या जाणाऱ्या दोरीला झटका बसला, रीळ करकरलं आणि तिच्या मनातून ते पाणी पुन्हा निघालंच नाही.

पहिली दोन वर्षं संघाच्या कार्यक्रमात तिच्याकडे सॅलडची जबाबदारी असायची. लोक प्रेमळ होते, पण होडी मागावी लागली. तिसऱ्या वर्षी तिनं मागितली आणि मिळाली.

आजचा दिवस संघाच्या वार्षिक मासेमारीचा होता. तलावात बार्श फार वाढले होते. आडव्या काळ्या पट्ट्यांचा, लाल परांचा हा मासा बाकीच्या माशांची पिल्लं फस्त करतो. म्हणून यंदा फक्त बार्श. दुपारच्या भोंग्यापर्यंत ज्याच्या टोपलीत जास्त वजन, तो वर्षभराचा राजा. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला इथे बंदी, म्हणून सगळ्यांच्या डब्यात रबराचे आणि लाकडाचे मासे.

बाबांनी एक उचलून बोटात वाकवून पाहिला. "हे खोटं आहे, हे त्याले समजत नाही?"

"थांबलं तर समजतं," ऊर्मिला म्हणाली. "चालत राहिलं तर नाही."

दोन दिवसांच्या पावसानं ओढ्याच्या तोंडाशी पाणी गढूळ होतं. गढुळात भडक रंग दिसतो, म्हणून तिनं होडीच्या दोन्ही बाजूंच्या गळांना पिवळे रबरी मासे लावले आणि होडी तिकडे घ्यायला सांगितली. बहुतेक सगळ्या होड्या तिथेच होत्या. तास गेला. एक बोटभर बार्श आला, तो तिनं सोडून दिला. शेजारच्या होडीत मात्र टोपली भरत होती. बाबा तिच्याकडे बघत होते आणि सल्ला द्यायचं टाळत होते, हे तिला कळत होतं.

मग ऊन पडलं. तलावाच्या मध्यावर पाण्यावर बारीक चंदेरी पिल्लं उडताना तिला दिसली. पिल्लं वर पळतात म्हणजे त्यांच्याखाली कोणीतरी आहे. तिथलं पाणी नितळ होतं, तिथे पिवळा रंग संशयास्पद. तिनं गळ आत घेतले, पिवळे काढले, पिल्लांसारखे चंदेरी-करडे छोटे मासे लावले, शिशाचं वजन वाढवलं आणि दोरी जास्त सोडली. सगळे काठाशी असताना ती मध्यावर चालली होती. चुकलं तर दुपारी सगळे हसणार होते.

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत बाबा दमले, वल्ही थांबवून त्यांनी श्वास घेतला, आणि नेमकी तेव्हाच डाव्या गळाची काठी वाकली. चांगला हातभर बार्श. पुढच्या वेळी ते थांबले तेव्हा उजवी वाकली. ऊर्मिलाच्या लक्षात आलं की होडी थांबली की आमिष दमल्यासारखं खाली बुडतं, आणि मागे मागे आलेला मासा तेव्हाच तोंड टाकतो.

"बाबा, आता तुम्ही दमलात तसंच वल्हवायचं. चार ओढी, मग थांबायचं."

"म्हणजे मी म्हातारा आहो हे कामी आलं," बाबा म्हणाले, आणि मोजून चार ओढी मारल्या.

त्यानंतर बोलायला वेळच राहिला नाही. भोंगा वाजला तेव्हा टोपली दोघांना मिळून उचलावी लागली.

काट्यावर ती टोपली सगळ्यांत जड भरली. संघाचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, व्होर्नर यांनी पदकांची जुनी साखळी तिच्या गळ्यात घातली. प्रत्येक पदकावर एकेका वर्षाच्या राजाचं नाव होतं, आणि त्यात बाईचं एकही नव्हतं. टाळ्या थांबल्यावर त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन विचारलं, आल्झो, म्हणजे हे हिला तुम्हीच शिकवलं ना?

ऊर्मिला 'हो' म्हणणारच होती. बाबांनी आधी विचारलं, तो काय म्हणून राहिला? तिनं सांगितलं.

"नाही म्हण त्याले," बाबा म्हणाले. "मी तं तिले पाण्याजवळ येऊच देत नव्हतो. हे समदं तिचं तिनं शिकलं. मी फक्त होडी ओढली."

तिनं ते शब्द न शब्द जर्मनमध्ये सांगितलं. हेर व्होर्नर गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, करत मान हलवत राहिले आणि त्यांनी बाबांपुढे बिअरचा ग्लास ठेवला. बाबांनी तो ऊर्मिलाकडे सरकवला आणि स्वतःसाठी सफरचंदाचा रस मागितला. तळलेले बार्श त्यांनी खाल्ले, पण मिरची नसलेल्या माशाबद्दल मत दिलं नाही.

साखळीतल्या आपल्या पदकावर नाव कोरून घ्यायला ती सोमवारी बाबांना घेऊनच गेली. पासपोर्टवर तिचं लग्नानंतरचं आडनाव होतं. संघाच्या यादीतही तेच. कोरणाऱ्या बाईंनी कोणतं आडनाव घालू असं विचारलं, तेव्हा ऊर्मिलानं माहेरचं सांगितलं. बाईंना ते नीट ऐकू आलं नाही. मग ती काउंटरवर वाकून, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जर्मन उच्चारानं एकेक अक्षर सांगू लागली: एन, आ, एन, हा, ए. नान्हे.