न दिलेला आवाज

छापखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. कटिंग मशीनवर पाचशे कागदांचा गठ्ठा ते असा कापायचे, की पट्टी लावून बघावं. साठी उलटली तरी तोंडाचा पट्टा काही थांबला नव्हता. त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा होता धाकट्या भावाच्या बोटांचा.

मशीनचा नियम साधा. समोरच्याने कागद ठोकून सरळ करायचे, हात मागे घ्यायचे आणि 'झालं!' असा आवाज द्यायचा. मगच उस्तादांनी पात्याचा दांडा ओढायचा. "आमच्या शहाण्याने आवाज आधी दिला अन् हात नंतर काढला," उस्ताद सांगत. धाकट्याची दोन बोटं गेली त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. ऐकणारे हळहळत, धाकटा मान खाली घालून बसे.

खरं म्हणजे त्याने आवाज दिलाच नव्हता. सकाळपासून गठ्ठ्यामागून गठ्ठा चालला होता, उस्तादांचा हात सवयीने पडत होता, आवाजाची वाट कोण बघतो? मालक धावत आले, "चूक कुणाची?" म्हणाले. धाकटा तोवर बेशुद्ध पडला होता. उस्तादांच्या तोंडून निघून गेलं, "याने आवाज दिला." नोकरी वाचली. पुढे ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली, की ते 'झालं' त्यांना स्वतःलाही ऐकू यायला लागला.

परवा दुपारी धाकट्याची बायको आली. चहाला हातही न लावता म्हणाली, "दादा, गोदामात यांना मुकादम करतायत. एवढी वर्षं तिथे पुस्तकांचे गठ्ठे बांधले, आत्ता कुठे नशीब उघडलं, तर हे नको म्हणतात."

"नको? का?"

"म्हणतात, ऐन वेळी माझ्या तोंडून भलतंच निघतं. माणसं माझ्या शब्दावर चालणार, परत कुणाचं तरी वाटोळं व्हायचं. उद्या उत्तर द्यायचंय. तुमचंच ऐकतील ते."

उस्तादांनी कप खाली ठेवला. भाऊ जन्माचा बुजरा, असंच ते धरून चालले होते. साधा शर्ट घ्यायचा तरी 'दादा, तूच सांग' म्हणणारा. बोटं मशीनने नेली. पण त्याचा स्वतःवरचा भरवसा आपण नेला, आणि तोही चारचौघांत हसत हसत. स्वतःची अशी किळस त्यांना कधी वाटली नव्हती. तसेच चपला घालून ते निघाले.

धाकटा शर्टाला इस्त्री करत होता. उस्तादांनी दारातूनच सांगून टाकलं, "तू आवाज दिलाच नव्हतास. मी वाट न बघता दांडा ओढला. मालकांना खोटं सांगितलं आणि पुढे सगळ्या जगाला."

धाकट्याने इस्त्री उभी ठेवली आणि तो हसला. "हिने पाठवलं ना तुला?"

"आईशप्पथ खरं सांगतोय."

"मला काय खुळा समजतोस? सगळं लख्ख आठवतंय मला. मी 'झालं' म्हणालो, मग एक कागद तिरका दिसला म्हणून परत हात घातला. डोक्यावर तो पंखा घरघरत होता."

पंखा त्या दिवशी बंद होता. तो उस्तादांनीच एका लग्नाच्या मांडवात, किस्सा रंगावा म्हणून तिखटमीठ लावताना फिरवला होता.

"अरे, पंखा मी घातला! माझ्या मनाचा!"

"बघ, आता तुलाच नीट आठवत नाही. वय झालं, दादा." धाकट्याने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. "उद्या मी नाहीच म्हणणार आहे. पण माझ्यासाठी तू एवढा आळ अंगावर घ्यायला निघालास!"

 उस्ताद लहान मुलासारखे हमसून रडायला लागले.

धाकटा त्यांची पाठ थोपटत राहिला. "मलाच माफ कर, दादा," तो म्हणाला. "माझ्या एका शब्दापायी तुला एवढी वर्षं जीव जाळावा लागला."