ऑफसाइडचा झेंडा
सॉसेजबरोबर कांदा परतल्याचा वास आला की न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावचं ते ओलं मैदान आठवतं. माझ्या मुलाच्या कॉलेजची, म्हणजे तिथल्या हायस्कूलची, शेजारच्या कॉलेजशी फुटबॉल मॅच होती आणि त्यांच्याकडून हरलो, तर वर्षभर टोमणे ऐकावे लागायचे. पालकांपैकीच कुणीतरी लाइन्समन व्हायचं असतं, म्हणून झेंडा माझ्या हातात होता. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एका पोराने बरोबरीचा गोल मारला. तो ऑफसाइड नव्हता, मला स्वच्छ दिसलं होतं, तरी मी झेंडा वर केला. गोल रद्द झाला, आमची माणसं नाचली. तो पोरगा रडत माझ्याशी भांडायला लागला, तेव्हा त्याचे वडील त्याला म्हणाले, “ते लाइनवर उभे होते, त्यांना नीट दिसलं असणार. सॉरी म्हण.” तो सॉरी म्हणाला. मी “स्वीट ॲज”, म्हणजे तिकडचं ‘काही हरकत नाही’, म्हणत त्याची पाठ थोपटली. झेंड्याचं एक वेळ विसरेन, पण ते थोपटणं अजून हाताला चिकटून आहे.